एक सुताचं भोक

"हत्तिणीला चष्मा करून दिलेल्या माणसाला गाडीचा चष्मा काय जड आहे?" असं म्हणत नंदूनं गाडी माझ्या दुकानाच्या दारात आणून उभी केली. गाडी इतकी बुटकी, की मला आधी वाटलं पोरगं बसल्या जागी जमिनीवरून घसरत आलं.

हत्तिणीचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोल्हापुरात, उद्यमनगरात, माझं ॲक्रिलिकचं दुकान होतं. नंबरप्लेटा, डॉक्टरांच्या पाट्या, जीपच्या खिडक्या असलं काम. हात काम करायचे आणि तोंड रिकामं असायचं, म्हणून मी थापा मारायचो. त्यातली सगळ्यांत गाजलेली थाप हत्तिणीच्या चष्म्याची. एका संस्थानची म्हातारी हत्तीण, तिला दिसेना झालं, तेव्हा दिवाणांनी मला बोलावून नेलं आणि मी तिला परातीएवढ्या भिंगांचा चष्मा करून दिला. दांड्या म्हणून सायकलचे मडगार्ड. चष्मा घातल्याबरोबर तिला साठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं शेपूट दिसलं, तो साप समजून ती जी पळाली, ती पंचगंगा ओलांडून पार पन्हाळ्याच्या पायथ्याशी थांबली. हे मी आईची शपथ घेऊन सांगायचो. आई तेव्हा जिवंत होती आणि तीही पदर तोंडाला लावून ऐकायची.

तर नंदूची गाडी. अभिनंदन भूपाल मगदूम हे त्याचं पूर्ण नाव. पंचविशीतलं पोरगं, हातात कसब, डोक्यात नुसती गाडी. एका संस्थानिकाच्या तबेल्यात वीस वर्षं पडून असलेली दोन माणसांची विलायती गाडी त्यानं उचलून आणली होती. आणली तेव्हा सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. दोन वर्षं खपून त्यानं ती उभी केली, लाल रंग दिला, आणि रस्त्यावर काढली त्याच आठवड्यात ट्रकच्या चाकाखालची खडी उडून उजव्या दिव्याची काच फुटली. तसली काच इथं मिळेना. मुंबईच्या भंगारवाल्याकडून ती यायला चार महिने लागले.

"मामा, आता ही फुटली तर गाडी आंधळीच," नंदू म्हणाला. "महिनाअखेरीला गोव्यापर्यंतची रॅली आहे. पहाटे अंधारात सुटायचंय. दिव्यांवर झाकण पाहिजे. दिसायला काचेसारखं, पण दगड झेललेला कळला पण नाही पाहिजे."

"करू की. पण त्या दिव्याचा आकार बघ लेका. मडगार्डाच्या खोबणीत बसलाय, वर उतार, बाजूला गोलाई. सरळ पत्रा कापून भागणार नाही. साचा लागेल."

"साच्याचं बोलूच नका. साचा कुणाच्या घरात आहे?"

त्याच्याच घरात होता. त्याचे वडील भूपालअण्णा हे उद्यमनगरातले नमुने करणारे सगळ्यांत नावाजलेले कारागीर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो नमुना अण्णा करायचे. सागवान त्यांच्या हाताखाली लोण्यासारखं वागायचं. माणूस माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, धोतर, पांढरी टोपी, आणि बोलणं असं की शब्द मोजून विकत आणल्यासारखं. आमची मैत्री कशी झाली हे लोकांना कोडं होतं. मला कोडं नव्हतं. ज्याला बोलायचं नसतं त्याला एक बोलणारा लागतो.

अण्णांनी चार दिवसांत दोन ठोकळे करून दिले, उजवा आणि डावा. गाडीच्या खोबणीवर ठेवून बघितले तर फटीत नख जाईना. ठोकळ्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीनं एक बारीक गोल काढलेला होता.

"हे काय अण्णा?"

"भोक."

"कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. एवढं लांब बोलावं लागणार याचा त्यांना त्रास झालेला दिसला. "साच्यात वाफ कोंडली की ओतीव काम फुगतं. म्हणून वाळूत तारेनं टोचून वाट ठेवतात. ह्याच्यातपण हवा कोंडेल. आत दिवा तापणार, बाहेर गारवा, मग घाम धरणार. खालच्या अंगाला एक सुताचं भोक ठेव. श्वास घेईल."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साबुदाण्याएवढं भोक. "ठेवतो," मी म्हणालो.

आता ॲक्रिलिक मऊ करायचं तर भट्टी पाहिजे, आणि एवढी मोठी भट्टी माझ्याकडे कुठली? पलीकडच्या बेकरीवाल्याला पटवलं. सकाळचे पाव बाहेर निघाले, की त्याच्या भट्टीत आमचे तुकडे. पहिला तुकडा खारीच्या ट्रेवर ठेवला, तर त्याला खालून खारीचे पापुद्रे चिकटले. दुसरा बेकरीवाल्यानं पावाच्या हिशोबानं ठेवला आणि त्याचं ताट होऊन बाहेर आलं. तिसऱ्या वेळेला मी स्वतः उभा राहिलो. तुकडा पापडासारखा लवायला लागला, तसा लोकरीचे मोजे हातात घालून मी तो उचलला, ठोकळ्यावर टाकला, आणि नंदूनं वरून फ्लॅनेलचं फडकं दाबून धरलं.

"दाब. सोडू नकोस. गार होईस्तोवर बाळंतिणीच्या पोटासारखं धरून ठेव."

"तुम्हाला काय माहीत मामा बाळंतिणीचं पोट?"

"हत्तिणीचं बाळंतपण कुणी केलं मग?"

नंदू हसला की त्याचे खांदे हलायचे. "मामा, हसवू नका. सुरकुती पडेल."

सुरकुती पडली नाही. कडा घासल्या, पितळी पट्टीची चौकट केली, सायकलच्या ट्यूबची गादी कापली, आणि श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी दोन्ही कव्हरं गाडीवर चढली. वर झिमझिम चालू होती. हवा अशी दमट, की दुकानातलं मीठ पाणी होत होतं. गादीवर मी पंक्चरचं सोल्युशन लावलं आणि आठ आठ स्क्रू आवळले. गाडीचं रूपच पालटलं. आधी ती डोळे वटारून बघायची, आता डोळे मिटून हसल्यासारखी दिसायला लागली.

भोक तेवढं राहिलं होतं. ड्रिल हातात घेतलं होतं मी, एवढं सांगतो. पण तोवर दारात दहा-बारा माणसं गोळा झाली होती. त्यात समोरचा लेथवाला होता, माझा जुना वैरी. त्याच्यापुढं हत्तीण कधी पंचगंगा ओलांडू शकली नव्हती, अलीकडच्या काठावरच बुडायची.

"केरबा, प्लॅस्टिक ठोकलंयस खरं," तो म्हणाला, "पण पाऊस आत गेला म्हणजे? दिव्यात मासे पाळायचेत काय?"

माणसं हसली. माझं ड्रिल खाली गेलं.

"पाणी आत जाणार? माझ्या कामात? आण बादली. दोन आण. एक थेंब आत गेला तर इथं उभ्या उभ्या अर्धी मिशी उतरवतो."

"कुठली अर्धी?"

"तुला आवडेल ती."

बादल्या आल्या. लेथवाल्यानं दोन्ही दिव्यांवर स्वतःच्या हातानं पाणी ओतलं, मग नळाची पाइप लावली, खालून, वरून, चौकटीच्या कडेनं. मी छाती काढून उभा. आत एक थेंब नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. नंदूनं माझ्या मिशीला हात लावून नमस्कार केला. भोक पाडलं असतं तर खालून पाइपचं पाणी हमखास आत गेलं असतं. मी म्हटलं, उद्या पाडू. उद्या काय, ड्रिल इथं, मी इथं, गाडी इथं.

संध्याकाळी अण्णा आले. घरी जेवायला जायच्या वाटेवर. मगदूम जैन. दिवस मावळला की त्यांच्या घरात अन्नाला हात लागत नसे, आणि चातुर्मासात तर अण्णा घड्याळावर नाही, सूर्यावर डोळा ठेवून चालायचे. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. कव्हरावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता पाठ थोपटतील. अण्णा आणि पाठ!

"भोक पाडलंस?"

लेथवाला अजून पायरीवर बसून चहा पीत होता.

"पाडलं की," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली आणि गेले. वाकून बघितलं नाही. लाकडावर केसाएवढी चूक डोळ्यांनी धरणारा माणूस. माझ्या सगळ्या थापा तोंडपाठ असणारा माणूस. पण कामाच्या बाबतीत मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हणून वाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नंदू दारात हजर, गाडी सुरूच ठेवलेली.

"मामा, गगनबावड्याला जाऊन येतो. घाटात गाडी कशी वागते बघतो. चला, बसताय का?"

"ह्या गाडीत? खाली बसलो तर परत उठवायला क्रेन लागंल. आणि काय रे, तोंड का उतरलंय?"

"काही नाही. अण्णा सकाळीच तापलेत. नेहमीचंच." त्यानं गिअर टाकला. "दिवस मावळायच्या आत यायचंय."

सांगू का त्याला, की जरा थांब, एक बारीक काम राहिलंय? दोन मिनिटांचं काम होतं. एका कव्हराला एक मिनिट. लेथवाला शटर वर करत होता. त्यानं माझ्याकडे बघून स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं, म्हणजे मिशी शाबूत आहे का म्हणून. मी नंदूला म्हटलं, "ये जाऊन. आलास की गाडी इकडं आण, जरा बघायचंय."

"काय बघायचंय?"

"माझं काम माझ्याच डोळ्यांनी. नजर लागंल एवढं झालंय."

हलणारे खांदे तेवढे लांबपर्यंत दिसले. मग वळण.

तो बावड्यात दिवसभर राहिला. घाटात धुकं उतरलं होतं म्हणून खोळंबला, असं तिथला चहावाला नंतर म्हणाला. निघाला तेव्हा उजेड सरत आलेला. धुक्यातनं दिवे लावूनच निघाला. उताराच्या एका वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि नंदू सरळ गेला. मोरीच्या दगडी कठड्यावर. त्याला बाहेर काढला तेव्हाच संपला होता.

याच्यापेक्षा जास्त मला त्यातलं सांगता येत नाही. एवढ्या गोष्टी सांगितल्या आयुष्यात, ही एक कधी लांबवता आली नाही.

सोमवारी गाडी उचलून आणायला मीच गेलो. दुसरं कोण जाणार? तोंड चेपलं होतं. डावा दिवा कव्हरासकट चुरा झालेला. उजवा धड होता. कव्हरावर साधा ओरखडा नाही. खडी झेलली होती, कठडा झेलला होता. पण आतून ते कव्हर पांढरं झालं होतं. भात शिजताना पातेल्यावरचं झाकण उचलून उलटं करावं, तसं. थेंबाला थेंब चिकटून आतल्या अंगानं ओघळ आले होते आणि खालच्या कडेला चमचाभर पाणी साचलं होतं. श्रावणातली ती दमट हवा मी स्वतःच्या हातानं आत कोंडली होती, आणि बाहेर जायला वाट ठेवली नव्हती.

क्रेनवाला चहा प्यायला गेला तेव्हा मी बॅटरीची वायर जोडून तो दिवा लावून बघितला. दुधाच्या पातेल्यात काजवा पडावा तसा उजेड झाला. माझ्या चपलेपर्यंत पण आला नाही.

गाडी मी, अण्णा जिथं नमुने करायचे त्या वखारीत न नेता आधी दुकानात आणली. शटर ओढून घेतलं. कव्हर सोडवलं, पुसलं, वाळवलं. मग ड्रिल काढलं. ॲक्रिलिकला भोक पाडणं सोपं नसतं. पातं धारदार असलं तर ते तडकतं, म्हणून आधी दगडावर घासून धार बोथट केली. साबणाचं पाणी सोडत सोडत, दाब न देता, हळूहळू. माझा हात एकदाही हलला नाही. भोक पडल्यावर बारीक कानशीनं आतली कड गोल केली. तरी ते नवं दिसत होतं, पांढरट. म्हणून गाडीच्या मडगार्डाखालचा वंगणात मुरलेला रस्त्याचा चिखल काडीवर घेऊन भोकाच्या कडेनं फिरवला, आत भरला, आणि फुंकून मोकळा केला. झालं. दोन दिवसांचं जुनं भोक तयार झालं.

का केलं? अण्णा बघतील म्हणून. दुसरं काही नाही. एकुलतं पोरगं गेलेला माणूस माझ्याकडे कसा बघेल, ते मला बघवणार नव्हतं.

तेराव्या दिवशी अण्णा दुकानात आले. "ते कव्हर राहिलंय म्हणे," म्हणाले. मी दिलं. त्यांनी घेतलं, धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि गेले. घरी त्यांनी ते त्याच्या सागवानी ठोकळ्यावर चढवून कोनाड्यात ठेवलं. मी बघितलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी, कारण मी त्यांच्या घरी जाणंच टाकलं. अण्णांनी नमुने करणं सोडलं. रस्त्यात दिसले तर मी हातातल्या पाटीत डोकं घालायचो. लोक म्हणाले, केरबाला नंदूचं लागलं, तोंडच मिटलं बिचाऱ्याचं. खरंच मिटलं होतं. हत्तीण त्या सात वर्षांत एकदाही बाहेर निघाली नाही.

सात वर्षांनी इंदूवहिनी दुकानात आल्या, अण्णांच्या मालकीण. आधी अशा कधी आल्या नव्हत्या.

"केरबा भावजी, एकदा घरी येऊन जावा."

"काय झालं वहिनी?"

"होणार काय. खात नाहीत. सांजचं ताट त्यांनी त्या दिवसापासून सोडलंय, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं.

"दुपारी दोन घास घ्यायचे. आता तेपण नको म्हणतात. डॉक्टर म्हणतात रोग काही नाही. रोग मला ठाऊक आहे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "त्या दिवशी सकाळी हे पोराला बोलले होते. दिवस बुडाला तरी ताटावर नसलास, तर दार उघडणार नाही म्हणून. चातुर्मासात दोनदा उशीर केला होता त्यानं. म्हणून पोरगं वेगानं आलं, असं धरून बसलेत. मी मारला, माझ्या नेमानं मारला, झोपेत पण तेच. तुम्ही बोलणारं माणूस. काहीतरी सांगा त्यांना."

मी शटर ओढलं. ह्या खेपेला काही लपवायला नाही.

अण्णा खाटेवर बसले होते. अंगात फक्त सदरा राहिला होता, माणूस कुठं दिसतच नव्हता. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवर आला होता. दिवस मावळायला अर्धा तास असेल.

"ये," अण्णा म्हणाले. "लई दिवसांनी."

"अण्णा, एक सांगायला आलोय."

"सांग. ऐकायचंच काम उरलंय."

"नंदू वेगानं गेला म्हणून नाही गेला. तुमच्यामुळं नाही गेला. त्याला दिसत नव्हतं. मी भोक पाडलं नव्हतं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

मी सगळं सांगितलं. लेथवाला, बादल्या, मिशी. पायरीवरचा चहा. आतून पांढरं झालेलं कव्हर, चमचाभर पाणी, चपलेपर्यंत न आलेला उजेड. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट सांगत होतो आणि माझ्या हातांना काय करायचं ते कळत नव्हतं. अण्णा ऐकत होते. मान तिरकी, डोळे बारीक, जसे पूर्वी रंधा बाजूला ठेवून माझ्याकडे बघत ऐकायचे. आणि मी थांबलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं आता उठतील, मारतील. मारावं असं मला फार वाटत होतं.

ते हसले. सात वर्षांत पहिल्यांदा, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.

"हत्तिणीला साप दिसला होता," अण्णा म्हणाले. "तुला पाणी दिसलं. चमचाभर. मोजून. गोष्टीत असं मोजकं घातलं की खरं वाटतं, नाही रे?"

"अण्णा, आईची शपथ."

"हत्तिणीच्या वेळीपण तीच होती."

"मी खरं सांगतोय!"

"ओरडू नको. हिला वाटेल भांडण लागलं." त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. "ते दे इकडं."

मी ठोकळ्यासकट कव्हर काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कव्हर सोडवून घेतलं, उलटं केलं. अंगठा कडेनं फिरत फिरत गेला आणि बरोबर थांबला.

"हे काय आहे?"

"ते मी नंतर पाडलं. सोमवारी. शटर ओढून."

"कशाला?"

"तुम्हाला कळू नये म्हणून."

"आणि आता कळावं म्हणून आलास." अण्णांनी कव्हर खिडकीतल्या उजेडात धरलं. "केरबा, लाकूड आणि माणूस मला थोडं कळतं. नवं भोक असं नसतं. ही कड बघ, घासून मऊ झालीय. आणि आत चिखल आहे बघ, अजून. वंगणातला. रस्त्यावर फिरलेलं भोक आहे हे. नंदू घेऊन गेला तेव्हा होतं."

"तो चिखल मी—"

"गप." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गरम होता आणि अजिबात वजन नव्हतं त्याला. "मी विचारलं होतं तुला, पाडलंस? तू म्हणालास, पाडलं. कामात तू मला कधी फसवलं नाहीस. आता माझं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायला आलास. एवढी मोठी थाप कुणी कुणासाठी मारत नाही रे."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होत्या. हात जोडले त्यांनी मला.

"वहिनी, तुम्ही तरी..."

"भावजी, पुरे," त्या म्हणाल्या. "लई केलंत."

मग त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. भाकरी, दोडक्याची भाजी, ताक. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढून छताकडे निघाला होता. "आता तरी घ्या," त्या अण्णांना म्हणाल्या. "केरबा भावजी एवढं सांगताहेत. त्यांच्या मनासाठी एक घास."

अण्णांनी ताटाकडे बघितलं, खिडकीबाहेर सूर्य किती उरलाय ते बघितलं, आणि ताट हलकेच माझ्याकडे सरकवलं. "तू जेव. गोष्ट सांगून भूक लागते तुला. पूर्वीपण लागायची."

मी जेवलो. काय करणार? ते बघत होते. ताट पुसून जेवलो. माझं होईपर्यंत बाहेर दिवस मावळला आणि वहिनींनी ताट उचललं. अण्णांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

निघताना मी परत एकदा दारातून म्हटलं, "अण्णा, खरं सांगितलंय मी."

त्यांनी कव्हर तोंडाशी नेलं, त्या भोकावर ओठ ठेवले आणि हळूच फुंकर घातली. दुसरा हात पलीकडे धरला होता. वारा तळव्याला लागला असणार.

"बघ," ते म्हणाले. "श्वास जातोय की."

दिवाळीच्या आत अण्णा गेले. ठोकळा आणि कव्हर वहिनींनी मला आणून दिलं. तुमच्याजवळच शोभतं म्हणाल्या. दुकान कधीच बंद झालं, मिशी पांढरी झाली, आणि ही हकिकत मी नंतर पुष्कळांना सांगितली. ऐकून लोक म्हणतात, केरबाआबा, हत्तिणीपेक्षा ही भारी जमलीय.

कव्हर माझ्या उशाशी असतं. त्याला अजून तडा नाही. कधीतरी उजेडात धरून मी ते भोक बघतो. एक सुताचं. इतकं गोल, इतकं साफ काम माझ्या हातून आयुष्यात दुसरं झालं नाही.